अनोळखी गुरूंचे ऋण

आभार मानणे हा सर्वत्र शिष्टाचार समजला जातो. परंतु संगणकाची भाषा शिकू पाहणाऱ्या लक्षावधी नवशिक्यांना गेल्या दीड दशकात ज्या एका ठिकाणी मोठे साह्य मिळाले, तेथे आभार लिहू नयेत असा दंडक आहे. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे ते प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघा अमेरिकी प्रोग्रॅमरांनी ते २००८ साली सुरू केले. प्रश्नाच्या आरंभी नमस्कार नको आणि शेवटी धन्यवादही नकोत. एखादे उत्तर उपयोगी वाटले तर त्याला अनुकूल मत द्यावे, हीच तेथील कृतज्ञतेची रीत. आणि गंमत अशी की, हे मत देण्याचा अधिकारही नवशिक्याला दीर्घकाळ लगेच मिळत नसे. त्यासाठी आधी १५ गुण जमवावे लागत. म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही तरी आधी स्वतः लिहावे लागे.

नियम करणाऱ्यांच्या मनात केवळ काटकसर होती. नंतर ते पान वाचणाऱ्याला आभारांच्या ओळी ओलांडीत मुद्द्यापर्यंत यावे लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. तथापि अभावितपणे त्यांनी एका जुन्याच तत्त्वाला नवे रूप दिले. काही ऋणे ज्याच्याकडून घेतली त्याला परत करता येत नाहीत. ती मागून येणाऱ्याला द्यावयाची असतात. आपल्याकडील ऋषिऋणाची कल्पना याहून फारशी वेगळी नाही. ऋषींना कोणी काही परत देऊ शकत नाही. अध्ययन करावे आणि अध्यापन करावे, एवढाच त्या ऋणातून उतराई होण्याचा मार्ग सांगितला गेला.

एका अर्धविरामाची किंमत

प्रोग्रॅमिंग शिकण्यातील अडचण इतर विषयांतील अडचणींहून वेगळी आहे. निबंधात एखादे विरामचिन्ह राहिले तर परीक्षक अर्धा गुण कापतो आणि पुढे वाचतो. संगणक पुढे वाचतच नाही. सी भाषेत विधानाच्या शेवटी अर्धविराम द्यावयाचा राहिला की सारी आज्ञावली अडून बसते. त्यातही चूक बाराव्या ओळीत असावी आणि यंत्राने तक्रार तेराव्या ओळीविषयी करावी, महिरपी कंस मिटवावयाचा राहिला असेल तर थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवावे, हा प्रकार नेहमीचा. तक्रारीची भाषा इंग्रजी, आणि तीही जाणत्यांना उद्देशून लिहिलेली. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने, किंवा दिवसभर कचेरी सांभाळून रात्री अभ्यासास बसणाऱ्या कारकुनाने अशा वेळी कोणाला विचारावे? शिक्षकाचा तास संपलेला असतो आणि शेजाऱ्यालाही तेवढेच ठाऊक असते. जाणत्याला जी चूक अर्ध्या मिनिटात दिसते, ती शोधण्यात नवशिक्याचे तीन दिवस जातात. आणि तीन दिवसांनंतर हा विषय आपल्या बुद्धीचा नव्हे, अशी त्याची समजूत होऊन बसते.

ही दरी अनोळखी माणसांनी भरून काढली. एकच उदाहरण पुरेसे आहे. आज्ञावलीत केलेल्या बदलांची क्रमवार नोंद ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन २००५ साली आले. त्यात केलेली शेवटची नोंद मागे कशी घ्यावी, असा प्रश्न २००९ साली स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारला गेला. प्रश्न अगदी नवशिक्याचा. त्यात विद्वत्तेचा लवलेशही नाही. परंतु त्याची उत्तरे जेथे आहेत ते पान आजवर १ कोटीहून अधिक वेळा उघडले गेले आहे. एका माणसाने शरम बाजूला ठेवून प्रश्न विचारला, काहींनी वेळ खर्चून उत्तरे लिहिली, आणि तेवढ्यावर जगभरच्या असंख्य माणसांची अडलेली कामे सुटली. अर्थशास्त्र ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणते तिचे याहून शुद्ध उदाहरण शोधणे कठीण. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि वापरण्यापासून कोणाला अडविलेही जात नाही.

फुकट कोण करील?

रूढ सिद्धान्तानुसार मात्र हे घडावयासच नको होते. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली ‘द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मोठ्या समूहात प्रत्येक जण दुसऱ्याने कष्ट करावेत आणि लाभ मात्र आपल्यालाही मिळावा अशा बेताने वागतो. त्यामुळे सक्ती किंवा स्वतंत्र प्रलोभन नसेल तर समाईक हिताचे काम उभे राहत नाही. १९७६ साली तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक अनावृत पत्र लिहिले. व्यावसायिक दर्जाचे काम फुकटात करणे कोणाला परवडेल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. सवाल गैर नव्हता. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही पोट असतेच.

परंतु वास्तव या दोन्ही युक्तिवादांना पुरून उरले. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना काढली. त्यांत विमाने बनविणाऱ्या, एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसे होती. तरीही प्रत्येकाने तीच आज्ञावली नव्याने लिहीत बसण्यापेक्षा ती एकमेकांस द्यावी, हे शहाणपण त्यांना सुचले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतील लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि अनोळखी माणसांकडून सूचना मागविल्या. ‘लिनक्स’चा जन्म त्यातून झाला.

ही माणसे असे का वागतात? जॉश लर्नर आणि ज्याँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक उत्तर दिले. अशा उघड्यावरच्या कामातून कौशल्य जगाला दिसते, नाव होते आणि पुढे नोकरीच्या बाजारात त्या नावाला किंमत येते. स्टॅक ओव्हरफ्लोची गुणपद्धती याच मानवी दुबळेपणावर, किंवा बळावर म्हणा, उभारलेली आहे. उत्तराला एक अनुकूल मत पडले की १० गुण, प्रश्नकर्त्याने ते स्वीकारले की आणखी १५. जॉन स्कीट या प्रोग्रॅमरने अशा रीतीने २०१८ साली १० लाख गुणांचा पल्ला सर्वांआधी गाठला. परंतु नावलौकिकाने सारे उलगडत नाही. ज्याचे नाव कोणाच्या लक्षात राहणार नाही अशा असंख्य माणसांनी एखाद-दुसरे उत्तर लिहून ठेवले आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात ब्रिटनमधील रक्तदानाचा विचार केला तेव्हा त्यांनाही हेच दिसले होते: आपले रक्त कोणाला जाणार हे ठाऊक नसताना, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, माणसे देतात. आणि समजा, देणाऱ्याच्या मनात थोडी कीर्तीची हाव असली, म्हणून घेणाऱ्याचे ऋण कमी होत नाही.

मराठी शेतकऱ्याला यातील भेद पुस्तकावाचून ठाऊक आहेत. सावड म्हणजे हिशेबाची देवघेव. तू माझ्या रानात चार दिवस ये, मी तुझ्या रानात चार दिवस येईन. इर्जिकीत असा हिशेब नसतो. अडलेल्याच्या शेतावर गाव बैल घेऊन येतो, काम उरकतो आणि जेवून घरी जातो. परंतु सावड काय, इर्जिक काय, दोहोंत माणसे एकमेकांच्या ओळखीची असतात. वाटेवरच्या पाणपोईत तेही नसते. रांजण भरणारा सकाळी भरून जातो. दुपारी कोण तहानलेला येऊन गेला हे त्याला कधीच कळत नाही. प्रोग्रॅमिंगमधील हे साह्य पाणपोईच्या जातीचे आहे.

कटू बाजू

या पाणपोईवर वाटसरूंना कधी कधी बोलणीही खावी लागली, हे मात्र लपवून चालणार नाही. हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, तो नीट मांडलेला नाही, विषयाला सोडून आहे, अशा शेऱ्यांनी अनेक नवशिक्यांचे प्रश्न बंद करण्यात आले. आपण नवख्यांना, स्त्रियांना आणि उपेक्षित गटांतील माणसांना पुरेशा आपुलकीने वागवीत नाही, अशी कबुली खुद्द स्टॅक ओव्हरफ्लोने एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली. तोच प्रश्न शंभरदा वाचणाऱ्याचा संयम सुटतो हे खरे. पण ज्याला तो पहिल्यांदाच पडला आहे त्याचा त्यात काय दोष? दुसरी अडचण भाषेची. हे स्थळ पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश भाषांत निघाले. एकाही भारतीय भाषेत निघाले नाही. मराठी मुलाला आधी इंग्रजीची पायरी चढावी लागे, मग प्रोग्रॅमिंगची.

या शिस्तीचा एक फायदा मात्र झाला. काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय झाले, हे तीन भाग प्रश्नात स्पष्ट लिहावेत अशी तेथे अपेक्षा असते. तसे लिहिता लिहिता अनेकांना चूक आपली आपणच सापडते. प्रश्न विचारता येणे ही अर्धी विद्या आहे, हे कोणताही शिक्षक मान्य करील.

उपसा आणि पुनर्भरण

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि चित्र पालटले. हे यंत्र नवशिक्याला हिणवीत नाही, अपरात्री उत्तर देते, तोच प्रश्न दहादा विचारला तरी त्रासत नाही, आणि मराठीतही समजावून सांगते. हा लाभ खरा आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु या यंत्रांना जे शिकविले गेले त्यात याच अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या उत्तरांचा मोठा वाटा आहे. २०२४ साली ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे लक्षात घ्यावयास हवा. चॅटजीपीटी आल्यावर सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरील लिखाण सुमारे २५ टक्क्यांनी घटले. ही तुलना, जेथे ते यंत्र सहज वापरता येत नव्हते अशा रशियन व चिनी स्थळांशी केलेली होती. घट केवळ पुनरुक्तीच्या किंवा प्राथमिक प्रश्नांपुरती मर्यादित नव्हती, हे अधिक चिंताजनक.

विहिरीचा उपसा वाढला आणि पुनर्भरण थांबले तर काय होते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. यंत्राशी झालेले संभाषण दोघांतच राहते. ते पुढच्या वाटसरूच्या हाती लागत नाही. उद्या नवी भाषा येईल, नव्या चुका उद्भवतील. त्यांचे उत्तर पहिल्यांदा कोणी तरी माणसानेच शोधून उघड्यावर लिहून ठेवावे लागेल. मालकीचा प्रश्नही आहेच. २०२१ साली हे संकेतस्थळ ‘प्रोसस’ या कंपनीने १८० कोटी डॉलरना विकत घेतले. उत्तरे लिहिणाऱ्यांना त्यातून काही मिळाले नाही. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीच्या निर्मात्यांशी करार जाहीर केला तेव्हा काहींनी रागाने आपली जुनी उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला. व्यवस्थापनाने ती पूर्ववत केली आणि त्यांची खाती काही काळ स्थगित ठेवली. कायद्याने व्यवस्थापनाची बाजू भक्कम होती, कारण उत्तर लिहितानाच ते सर्वांना वापरण्याची मुभा लेखक देऊन बसलेला असतो. पण ज्याने पाणपोई भरली त्याला आपल्या पाण्याचा व्यापार झालेला रुचला नाही, तर ते समजण्यासारखे आहे. मात्र उत्तरे पुसली गेली असती तर हानी कंपनीहूनही अधिक उद्याच्या नवशिक्यांची झाली असती.

उतराई

तेव्हा कृतज्ञता व्यक्त करावयाची ती कशी? पहिली गोष्ट अगदी साधी: नाव सांगणे. स्टॅक ओव्हरफ्लोवरील उत्तरे ज्या परवान्याखाली दिलेली आहेत, त्यात मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची अट आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत दुसऱ्याची आज्ञावली आपली म्हणून उतरविण्याची सवय महाविद्यालयांत रूढ आहे आणि शिक्षकही तिकडे काणाडोळा करतात. एक ओळ लिहून ऋण मान्य करावयास शिकविणे, हा प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमाचाच भाग मानावयास हवा.

दुसरी गोष्ट थोडी कष्टाची. यंत्राच्या मदतीने असो वा स्वतःच्या बुद्धीने, जी अडचण सुटली तिची नोंद उघड्यावर ठेवणे. ज्याने काल चूक केली त्याच्याइतके ती चूक कोणी चांगले समजावू शकत नाही. तज्ज्ञाला स्वतःचे अज्ञान आठवत नाही. तिसरी गोष्ट, हे मराठीत करणे. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध करून दिले, आणि हे शक्य आहे असे दाखवून दिले. पाठ तयार आहेत. पाठ ऐकताना अडलेल्याला मराठीत उत्तर देणारी माणसे त्यांच्या जोडीला हवी आहेत. त्यासाठी विद्वान असण्याची आवश्यकता नाही. दोन पायऱ्या चढलेल्याने पहिल्या पायरीवरच्याला हात द्यावयाचा आहे.

कोणा एका परक्या देशातील माणसाने एका रात्री आपली झोप मोडून उत्तर लिहिले, आणि त्यावर जिल्ह्याच्या गावातील एका मुलाचा अभ्यास तरला. त्या दोघांची गाठ कधी पडणार नाही, आणि पडली तरी त्या माणसाला ते उत्तर आठवेलच असे नाही. त्या मुलाच्या शेजारी आज आणखी कोणी तरी तेराव्या ओळीवर अडून बसलेला असेल. बाराव्या ओळीकडे पाहा, एवढेच त्याला सांगावयाचे आहे.