हातातली चाळीस पानं

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या संचात, १२० पानं असतात. दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. तिघे खेळायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं येतात. ती पंख्यासारखी पसरली तरी एकेका पानाची जेमतेम कड दिसते. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू, सगळं शेजारच्या पानाखाली दडतं. मग दिव्याच्या उजेडात कुठलं पान कुठल्या अवताराचं, हे ओळखायचं कशावरून?

रंगावरून. प्रत्येक अवताराच्या पानांना ठरलेल्या रंगाची जमीन असते. लाल, पिवळी, हिरवी, काळी. सपाट, छटा नसलेली, कडेपर्यंत भिडलेली. ही जमीन पाण्याची नसते, आकाशाचीही नसते. ती त्या अवताराची असते. वस्तूचा रंग वस्तूपासून सोडवून त्याला स्वतंत्र काम द्यायचं, केवढी धीट कल्पना आहे ही! आणि ती चितारी मंडळी पिढ्यान् पिढ्या सहज वापरत आली.

याच कल्पनेने १९०५ च्या शरद ऋतूत पॅरिस हादरलं होतं. त्या उन्हाळ्यात आंरी मातिस आणि आंद्रे देरँ हे दोघे चित्रकार फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या सीमेजवळच्या कोलिऊर या गावी राहिले होते. आपल्या देवबाग-मालवणच्या माणसाला ते गाव परकं वाटणार नाही: भूमध्य समुद्र, डोळे दिपवणारं ऊन, किनाऱ्याला लागलेल्या होड्या आणि खारवलेली मासळी. तिथे रंगवलेल्या ‘उघडी खिडकी’ या चित्रात मातिसने समुद्राला गुलाबी केलं आणि डोलकाठ्यांना नारिंगी. पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रं पाहून लुई वोसेल या समीक्षकाने या चित्रकारांना ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र श्वापदं, म्हटलं. चळवळीला तेच नाव चिकटलं. ती जेमतेम तीन-चार वर्षं टिकली, पण तिने मोकळा केलेला रंग पुन्हा कुणाला बांधता आला नाही.

मातिसने त्याच वर्षी पत्नीचं एक लहानसं चित्र केलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध हिरवा पट्टा. बघणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो, पण नीट पाहा: पट्ट्याच्या एका बाजूचा चेहरा पिवळसर आहे, दुसऱ्या बाजूचा गुलाबी. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथेच तो हिरवा बसलाय. सावलीसाठी करडा किंवा तपकिरी न घेता त्याने गुलाबीला खुलवणारा रंग घेतला.

हिरव्याने गुलाबी का खुलावा? एखाद्या लालभडक ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तिथे निळसर हिरवा ठिपका तरंगताना दिसेल. लाल बघून दमलेली नजर त्याचा विरोधी रंग स्वतःच तयार करते. म्हणून लाल आणि हिरवा शेजारी आले की दोघेही जास्त पेटतात. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात तो रंगाईचं काम बघत होता. सावंतवाडीच्या चिताऱ्याने हिरव्या जमिनीवर लाल वस्त्र रंगवलं, तर त्याच्या हातूनही हेच घडतं.

मातिस आणि गंजिफा यांच्या वाटा एका ठिकाणी जवळ येतात. मातिसला इराणी लघुचित्रांचं विलक्षण आकर्षण होतं. १९१० मध्ये इस्लामी कलेचं मोठं प्रदर्शन पाहायला तो म्युनिकला गेला. गंजिफेचा प्रवासही इराणी दुनियेतूनच झाला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ गट आणि ९६ पानं. आपल्याकडे तिचे दहा अवतार झाले, आणि एक देखणा नियमही आला: दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याने.

छापील पत्त्यांनी ही कला जवळपास संपवली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि इतरांना शिकवायला लावली. उरलेल्या एका हातातली कला त्यांनी अनेक हातांत नेली, याचं मोल फार मोठं आहे.

मोती तलावाकाठच्या राजवाड्यात आजही कारागीर बैठक मारून गंजिफा रंगवताना दिसतात. तिथे पूर्ण संच पाहायला मिळाला, तर आधी चित्रं बघू नका. पानांचे मधले भाग झाकून फक्त कडा बघा, आणि अवतार ओळखून पाहा.