भंडारदऱ्याची सहल : पाणी पाहू, पाणलोट जपू

"पाटाला पाणी कधी सुटणार?" हा प्रश्न प्रवरा कालव्यांवरील गावांत दर हंगामात पारावर निघतो. पण हे पाणी साठते कोठे व येते कोठून, हे प्रत्यक्ष पाहिलेले शेतकरी थोडे आढळतात. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पदवीचे विद्यार्थी व काही लाभधारक शेतकरी यांना घेऊन भंडारदरा जलाशयाच्या काठी दोन दिवस तंबूत मुक्काम केला. त्या अनुभवावर आधारित ही माहिती.

धरण व परिसर

अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ प्रवरा नदीवर बांधलेले हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर, तर साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी आहे. येथून सोडलेले पाणी निळवंडे धरणात येते. पुढे ओझर बंधाऱ्यापासून डावा व उजवा कालवा निघतात आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तालुक्यांतील शिवारे भिजतात. राहुरीकडे वर्षाला जेमतेम ५०० मि.मी. पाऊस पडतो. जलाशयाच्या वरच्या अंगाला घाटघर परिसरात तो चार ते पाच हजार मि.मी.पर्यंत जातो. म्हणजे खालच्या भागातील ऊस, कांदा व चारा पिके वरच्या डोंगरातील पावसावरच उभी आहेत.

जलाशयाभोवतालचा बराचसा डोंगरभाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी फेरी रस्त्याने करता येते. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, तेथून रतनगडावर जाणारी पायवाट, साम्रदची सांदण दरी व १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर ही पाहण्यासारखी ठिकाणे होत.

काठावरचा मुक्काम

हिवाळ्यापासून पाणी जसजसे उतरते, तसतसा जलाशयाचा उतरता काठ मोकळा होतो. स्थानिक शेतकरी या सुमारास जलाशयालगत तंबूची सोय करतात. हा काठ समुद्राच्या चौपाटीसारखा मात्र समजू नये. वरून कोरडी दिसणारी जागा आत गाळाची असते व पाण्यात काही पावलांवर एकदम खोली लागते. त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही पाण्यात उतरू नये.

काजवे : पाहावे, पण अंधारात

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे लुकलुकतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. गाडीचे दिवे, बॅटरी व मोबाईलचा उजेड यांमुळे ही खूण हरवते व मीलन होत नाही. मादी ओलसर जमिनीत अंडी घालते, म्हणून झाडाखालचे गवत तुडवणेही घातक ठरते. काजव्याची अळी गोगलगायी व तत्सम मऊ शरीराचे जीव खाऊन वाढते. शंखी गोगलगायीने सोयाबीनची रोपे फस्त केलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा मित्रकीटकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

दोन बाटल्यांचा धडा

दुसऱ्या दिवशी दुपारी वळवाची जोरदार सर आली. विद्यार्थ्यांनी दोन बाटल्या भरून घेतल्या. एक उताराच्या दिशेने नांगरलेल्या नागलीच्या तुकड्यातून वाहणाऱ्या पाण्याची, दुसरी शेजारच्या गवताळ उतारावरील पाण्याची. सकाळपर्यंत पहिल्या बाटलीच्या तळाशी गाळाचा जाड थर बसला होता. दुसरीत जेमतेम रेघ उमटली होती. सोबतचे एक वयस्कर बागायतदार बराच वेळ त्या बाटल्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, म्हणजे यांची जमीन जाते अन् आमचं पाणी."

हिशेब साधा आहे. एक हेक्टर क्षेत्रावरून मातीचा केवळ १ मि.मी. थर वाहून गेला तरी १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन माती जाते. ट्रॅक्टरच्या तीन-चार ट्रॉल्या भराव्यात एवढी ही माती! ती जलाशयात बसली की तेवढी पाण्याची जागा कायमची अडते आणि वरच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा कस जातो तो निराळाच.

यावर उपाय आवाक्यातले आहेत. नांगरट व नागलीची लावणी उताराला आडवी करावी. दगडी ताली व बांध दुरुस्त ठेवावेत आणि बांधावर गवत राखावे. रोपांसाठी राब भाजण्याऐवजी गादीवाफ्यावर ओळीत बी पेरावे. त्यामुळे राबासाठी होणारी फांद्यांची तोड वाचते आणि काजव्यांची झाडेही टिकतात. मात्र वरच्या शेतकऱ्याने जंगल व माती राखावी, तर त्याच्या हाती चार पैसे पडले पाहिजेत. पर्यटन हे त्याचे एक साधन आहे.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

१. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्यावी व वेळेचे नियम पाळावेत.
२. मुक्काम व जेवण गावातील कुटुंबाकडे ठरवावे. नागलीची भाकरी व स्थानिक भात आवर्जून मागावा.
३. शेकोटीसाठी झाड तोडू नये. निघताना निखारे पाण्याने पूर्ण विझवावेत.
४. प्लॅस्टिक व बाटल्या परत घेऊन याव्यात. साबण, डिटर्जंट जलाशयात वापरू नये.
५. गडवाटेवर व सांदण दरीत स्थानिक वाटाड्या घ्यावा. पावसाळ्यात दरीत उतरू नये.

तंबूची सोय करणाऱ्या शेतकऱ्यांनी शौचालय व शोषखड्डा पाण्याच्या काठापासून दूर, भरणीच्या रेषेच्या वर घ्यावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, देवदर्शनाच्या सहली आपण दरवर्षी काढतो. एखाद्या वर्षी आपल्या पाटाच्या उगमाकडेही जाऊन यावे. वरच्या गावात ज्याच्या घरी आपण जेवलो, त्याच्या बांधाची काळजी आपोआप वाटू लागते, आणि तो बांध टिकला तर आपला पाटही टिकतो.