बांधावरच्या लिंबाला प्रमाणपत्र कोण देणार?

पाचोड हे पैठण तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं मोसंबीच्या बाजाराचं गाव. इथला बागायतदार आंबे बहार, मृग बहार, फळगळ, प्रतवारी आणि भाव यांवर तासभर बोलेल. पण त्याच्याच बांधावरच्या लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, लाकूड कोणत्या प्रतीचं, हे विचारा, तो हसेल. झाड विकताना टेप कुणी काढत नाही. व्यापारी येतो, बुंधा कवेत घेऊन पाहतो आणि उक्ता भाव सांगतो. पुढे ते झाड भट्टीत गेलं, आरागिरणीवर गेलं की कुणाच्या चौकटीला लागलं, याच्याशी शेतकऱ्याला देणंघेणं उरत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, तेव्हा त्यांचंही शेवटी सरपणच झालं.

याच बाजारातल्या दुकानात फळांच्या रसाची कागदी पाकिटं लटकलेली असतात. त्यांच्यावर बऱ्याचदा बारीकशी खूण असते: झाडाची बाह्यरेषा आणि तिला जोडलेली 'बरोबर'ची रेघ. ही फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससीची खूण. पाकिटाचा कागद ज्या जंगलातून आला, तिथे तोड नियमाने झाली, मजुरांना हक्काचं मिळालं आणि आदिवासींना विचारलं गेलं, असा तिचा दावा असतो. म्हणजे परदेशातल्या जंगलाचं प्रमाणपत्र पाचोडपर्यंत पोचलं, पण पाचोडच्या झाडाचं पैठणपर्यंतही जात नाही.

या खुणेची मुळं १९९२च्या रिओ परिषदेत आहेत. जंगलांसाठी बंधनकारक करार तिथे झाला नाही. सरकारं जमवू शकत नसतील तर बाजारालाच लगाम घालू, असं ठरवून १९९३मध्ये टोरांटोत एफएससीची स्थापना झाली. रचना मोठी विचारपूर्वक केलेली: सामाजिक, पर्यावरणीय आणि आर्थिक असे सभासदांचे तीन गट, तिघांच्या मताचं वजन समान. तत्त्वं दहा. प्रमाणपत्र पाच वर्षांचं आणि दरवर्षी तपासणी. जंगलापासून दुकानापर्यंत लाकूड ज्या ज्या हातांतून जातं, त्या प्रत्येकाकडे स्वतंत्र कागद हवा. ही साखळी एका जागी तुटली की पुढच्यांना खूण वापरता येत नाही.

आता गोम. तपासनिसाची फी भरतो तो ज्याची तपासणी व्हायची तोच. कागदावर तपासणी करणाऱ्या संस्था स्वतंत्र असतात, पण कडक तपासनिसाकडे गिऱ्हाईक पुन्हा येईल का, हा प्रश्न उरतोच. ग्रीनपीस इंटरनॅशनल ही संस्था २०१८मध्ये एफएससीतून बाहेर पडली. २०२०मध्ये अर्थसाइट या संस्थेने युक्रेनमधल्या बेकायदा तोडीचं लाकूड प्रमाणित साखळीतून आयकियाच्या फर्निचरपर्यंत कसं पोचतं, हे दाखवलं. तरीही ही पद्धत टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. चोरी पकडली गेली, ती माग ठेवलेला होता म्हणूनच. आपल्याकडच्या उक्त्या व्यवहारात पकडायलाही काही नसतं.

भारताने डिसेंबर २०२३मध्ये स्वतःची योजना आणली, भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणन योजना. तिची खूण 'प्रमाण'. ती चालवण्याचं काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. सरकारी जंगलासाठी मानक आहे ते २०२३च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेतलं: ८ निकष, ६९ निर्देशक आणि पडताळून पाहायच्या २५४ बाबी. वनाधिकाऱ्याला हे नवं नाही, कार्य आयोजना लिहिणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. १९७४ पासून सागवान लावणाऱ्या, विरळणी करणाऱ्या आणि बल्लारपूरच्या आगारात लिलाव करणाऱ्या वन विकास महामंडळालाही ते पेलेल. अयोध्येच्या मंदिराला सागवान पाठवणाऱ्या यंत्रणेकडे नोंदवह्यांची वाण नसते.

पण मराठवाड्यात राज्यातलं सगळ्यात कमी जंगल. इथलं लाकूड बांधावर, ओढ्याकाठी आणि घरामागे उभं असतं. नव्या योजनेत जंगलाबाहेरच्या झाडांसाठी वेगळं मानक आहे आणि मला ती तिची सगळ्यात कामाची बाजू वाटते. चार लिंबं आणि दोन बाभळी असलेला माणूस तपासनिसाचा खर्च एकट्याने कसा उचलणार? त्यासाठी गटाने प्रमाणपत्र घ्यायची सोय असते. मोसंबीसाठी उभी राहिलेली शेतकरी उत्पादक कंपनी झाडांसाठीही गट होऊ शकते.

गटाने नियम पाळण्याचा धडा मात्र भोपाळहून किंवा टोरांटोहून आणायला नको, तो विदर्भात आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. चंद्रपूरच्या पाचगावने पुढचं पाऊल टाकलं. २०१२मध्ये हजारेक हेक्टरांचा हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने नियम स्वतः लिहिले. बांबूची तोड ठरवून करायची. जंगलाचा एक तुकडा अजिबात हात न लावता राखायचा. आणि तेंदूपत्ता बंद, कारण पानांसाठी फांद्या तोडल्या जातात, वणवे लावले जातात. हातात येणारा तेंदूचा पैसा त्यांनी आपणहून सोडला. एफएससीच्या दहा तत्त्वांमधली निम्मी तरी इथे पाळली जातात आणि एकाही बांबूवर कुणाची खूण नाही.

पाचोडला ग्रामसभेचं जंगल नाही, पण दुसरं काहीतरी आहे. २०२१पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपलं पीक स्वतः नोंदवतो, शेतात उभं राहून, फोटोसकट. त्याच ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय आहे. तिकडे युरोपीय संघाने २०२३मध्ये जंगलतोडविरोधी कायदा केला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली, तरी लाकूड नेमक्या कोणत्या जमिनीवरून आलं, तिथले अक्षांश-रेखांश द्या, ही त्याची मुख्य मागणी आहे. ती मागणी पुरी करायला मोठे उद्योग सल्लागार नेमतात. आपला शेतकरी त्याच्या जवळपासची माहिती फुकटात भरतो.

अडतं ते पुढे. ॲपमधली नोंद पिकाच्या भरपाईसाठी आणि कर्जासाठी पाहिली जाते. झाड विकताना ती कुणी मागत नाही. आंबा, चिंच, साग, चंदन यांसारखी अनुसूचीतली झाडं तोडायला १९६४च्या कायद्याने परवानगी लागते, त्यामुळे त्यांचा निदान अर्ज तरी होतो. लिंब-बाभळीचं तेवढंही होत नाही. परवानाधारक आरागिरणीला आवक-जावक लिहावी लागते, पण त्या वहीतल्या ओंडक्याला शेताचा गट नंबर जोडलेला नसतो. प्रमाणपत्राची फी, तपासनीस, खूण हे सगळं नंतरचं. आधी व्यापाऱ्याच्या पावतीवर दोन रकाने वाढवावे लागतील, गट नंबर आणि बुंध्याचा घेर. घेर लिहायचा तर टेप काढावी लागेल, आणि टेप निघाली की उक्ता भाव टिकणार नाही. व्यापाऱ्यांचा विरोध असेल तर तो २५४ बाबींना नसेल, या टेपेला असेल.