रुळांआधीचा करार

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, ब्रॉडवे पुलाला जोडणारा एक लांबलचक रस्तापूल होता. त्याला लव्हजॉय रॅम्प म्हणत. खाली रेल्वेचे यार्ड पसरलेले. तिथे रखवालदारी करणाऱ्या टॉम स्टेफोपुलोस या ग्रीक स्थलांतरिताने 1948 ते 1952 या काळात पुलाच्या काँक्रीटच्या खांबांवर चित्रे काढली. ग्रीक पुराणातल्या आकृती, पक्षी, झाडे. पुढे यार्डातली वर्दळ ओसरली, गोदामे ओस पडली, खांबांवरची चित्रे मात्र टिकून राहिली. 1999 साली हा रॅम्प पाडला. तो का पाडला हे शोधायला निघालो की आपण थेट अमेरिकेतल्या पहिल्या आधुनिक ट्रामच्या कागदपत्रांपाशी पोहोचतो.

पोर्टलंडला ट्राम नवी नव्हती. तिथल्या शहरी मार्गांवरची शेवटची ट्राम 1950 साली बंद झाली. मुंबईत बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री धावली, म्हणजे दोन्ही शहरांनी ती साधारण एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत गमावली. मोटारी वाढल्या, रूळ उखडले. पोर्टलंडमध्ये लोक उपनगरांत राहायला गेले आणि मध्यवर्ती भागाच्या कडेला गोदामांची व यार्डांची जमीन नुसती पडून राहिली. आज त्या भागाला पर्ल डिस्ट्रिक्ट म्हणतात.

तिथली सुमारे 34 एकर रेल्वेची जमीन हॉयट स्ट्रीट प्रॉपर्टीज या बांधकाम कंपनीकडे आली. कंपनीची अडचण साधी होती. वस्ती दाट करायची तर लोकांना मोटारीवाचून फिरता आले पाहिजे, आणि शहराने ट्राम आणल्याशिवाय ते शक्य नव्हते. शहराची अडचण नेमकी उलटी. रूळ टाकून ठेवले आणि मालकाने चार बैठी घरे बांधून बाकीची जमीन भाव वाढण्याची वाट बघत ठेवली, तर रिकामी ट्राम रिकाम्या मैदानातून फिरत राहणार. पहिले पाऊल कोणी टाकायचे?

1997 साली दोघांनी जो करार केला, तो मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो. त्यात पायऱ्या ठरवल्या होत्या. मूळ नियमानुसार एकरी किमान 15 घरे बांधणे बंधनकारक होते. शहराने लव्हजॉय रॅम्प पाडला की कंपनीवरची किमान अट 87 घरांवर जाणार. ट्रामचे काम सुरू झाले की 109. बाग तयार झाली की 131. शहराने आपला शब्द पाळला की प्रत्येक वेळी मालकाची जबाबदारी वाढणार. आपल्याकडे बिल्डर वाढीव बांधकामाची परवानगी मागतो आणि शासन ती देते किंवा नाकारते. इथे शासन मालकाला सांगत होते की यापेक्षा कमी बांधायचे नाही. रॅम्प पाडला तो या पहिल्या पायरीसाठी.

आता पैसा. गुड समॅरिटन रुग्णालयापासून पोर्टलंड स्टेट विद्यापीठापर्यंतच्या पहिल्या मार्गाला, जाऊन-येऊन 4.8 मैलांना, गाड्यांसकट सुमारे 5 कोटी 70 लाख डॉलर लागले. वॉशिंग्टनमधल्या मोठ्या वाहतूक अनुदानाच्या रांगेत शहर उभे राहिले नाही. सर्वांत मोठा वाटा, 2 कोटी 86 लाख डॉलर, कर्जरोख्यांतून उभा केला आणि ते रोखे फेडायला महापालिकेच्या मालकीच्या वाहनतळांवर थोड्या वेळाच्या पार्किंगचे दर तासाला 20 सेंटनी वाढवले. मोटार घेऊन शहरात येणाऱ्याने ट्रामचा हप्ता भरायचा, असाच त्याचा अर्थ. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या जमीनमालकांवर खास आकारणी बसवून 96 लाख डॉलर मिळवले. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना त्यातून वगळले होते. फायदा दुकानांना, कार्यालयांना आणि विकायच्या जमिनींना होणार होता, म्हणून वर्गणीही त्यांचीच. आणखी 75 लाख नूतनीकरण क्षेत्रातल्या भावी मालमत्ताकराच्या भरवशावर उचलले. एका ठरावीक वर्षीचा कर गोठवायचा, जमिनीचे मोल वाढल्यावर त्यावर जो जास्तीचा कर येईल तो त्याच भागाच्या कर्जफेडीला लावायचा, अशी ती पद्धत. तिच्यात जोखीम आहे. भाव वाढलेच नाहीत तर कर्ज तसेच उरते, आणि वाढले तर काही वर्षे तो पैसा शहराच्या इतर गरजांना मिळत नाही.

खर्च आटोक्यात राहिला त्याचे मोठे श्रेय रुळांखालच्या काँक्रीटला आहे. एरवी असा मार्ग टाकताना रस्ता खोल खणावा लागतो आणि जलवाहिन्या, गटारे, केबली हलवण्यातच निम्मा जीव जातो. पोर्टलंडच्या अभियंत्यांनी सुमारे आठ फूट रुंद आणि जेमतेम फूटभर जाडीची काँक्रीटची लादी टाकली आणि तिच्यातच रूळ बसवले. खालच्या बऱ्याचशा वाहिन्या जागच्या जागी राहिल्या. तीन-चार ब्लॉकांचा तुकडा साधारण तीन आठवड्यांत पुरा करून पुढे सरकायचे, अशी कामाची रीत होती. ज्याच्या दुकानासमोरचा रस्ता वर्षभर खणून पडलेला असतो, त्याला या तीन आठवड्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

गाड्या आल्या चेक प्रजासत्ताकातून, प्लझेन शहरातल्या श्कोडाच्या कारखान्यातून. अमेरिकेत तोवर अशा आधुनिक ट्राम कोणी बनवत नव्हते. सुमारे 20 मीटर लांब, दोन्ही टोकांना चालकाची जागा, दोन्ही बाजूंना दारे, मधला भाग इतका खाली की चाकाची खुर्ची सरळ आत जाते. पोर्टलंडचा एक ब्लॉक 200 फुटांचा, म्हणजे गाडी ब्लॉकच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शात मावते. थांब्यावर पदपथच थोडा पुढे आणलेला. 20 जुलै 2001 रोजी ही ट्राम सुरू झाली. तिच्यासाठी झटणाऱ्यांत चार्ली हेल्स पुढे होते. ते तेव्हा निवडून आलेले शहर कमिशनर होते, पुढे महापौर झाले. बांधणी आणि कारभारासाठी 1995 सालीच एक ना-नफा संस्था काढली होती. मालकी शहराची, चालक मात्र विभागीय वाहतूक संस्थेचे.

मग वस्ती उभी राहिली. मार्गापासून दोन ब्लॉकांच्या आत 1997 ते 2008 या काळात साडेतीन अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि 10,212 घरे, असा आकडा शहराच्या बाजूने मांडला गेला आणि अमेरिकेतल्या कितीतरी महापौरांच्या भाषणांत तो फिरला. मला तो जपून वापरावासा वाटतो. त्याच पट्ट्यात करसवलती होत्या, नवी बाग होती, रॅम्प गेला होता, आणि तो करार होता. एकट्या ट्रामच्या पदरात हे सारे टाकणे अन्यायाचे होईल. करार नसता तर रुळांशेजारी इतकी दाट घरे उठली असती, असे मला वाटत नाही.

दुसरी बाजू प्रवाशाची. ही ट्राम मोटारींच्याच रांगेतून जाते. कोणी गाडी जरा तिरकी उभी केली की ती अडते, आणि बससारखी बाजूने वळसा घालू शकत नाही. सायकलचे चाक रुळाच्या खाचेत अडकून पडणारे निराळेच. पोर्टलंडचेच वाहतूक सल्लागार जॅरेट वॉकर यांनी 2009 साली स्पष्ट लिहिले की मिश्र वाहतुकीतली ट्राम बसहून लवकर कुठे पोहोचवत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. शहराला नवी वस्ती हवी असते, कामावर निघालेल्या माणसाला वेळ हवा असतो, आणि स्वतंत्र मार्गिका न देता ट्राम आणणारे नियोजक या माणसाला विसरतात. 2015 साली उघडलेला टिलिकम क्रॉसिंग हा पूल त्या दृष्टीने उजवा. त्यावर खासगी मोटारींना प्रवेशच नाही. तो झाला आणि नदीच्या दोन्ही काठांना जोडणारे ट्रामचे वर्तुळ पुरे झाले.

पोर्टलंडची नक्कल अनेकांनी केली, पण बहुतेकांनी गाडी उचलली आणि हिशेब मागे सोडला. अटलांटाने 4 कोटी 76 लाख डॉलरचे केंद्रीय अनुदान मिळवून 2014 च्या शेवटी 2.7 मैलांची फेरी सुरू केली. 2016 साली एक डॉलर तिकीट लावताच प्रवासी झपाट्याने घटले. कॅन्सस सिटीने मात्र पोर्टलंडचा धडा नीट गिरवला. 2012 साली मार्गालगतच्या मतदारांनी टपाली मतदानाने स्वतःवरच कर लावून घेतला: मार्गालगतच्या करक्षेत्रातल्या विक्रीवर एक टक्का आणि मालमत्तांवर खास आकारणी. मे 2016 मध्ये 2.2 मैलांचा मार्ग सुरू झाला, तोही तिकिटाविना. लोकांनी पुढे करक्षेत्र वाढवायला मान्यता दिली आणि 24 ऑक्टोबर 2025 रोजी हा मार्ग तिथल्या विद्यापीठापर्यंत गेला. ज्यांच्या दारातून गाडी जाणार त्यांनी आधी मत दिले, मग पैसे दिले. अशा गाडीवर त्यांचा हक्कही राहतो आणि लक्षही.

पर्ल डिस्ट्रिक्टबद्दल एक खंत उरतेच. घरे झाली, पण ती महाग झाली. 1997 च्या करारात परवडणाऱ्या घरांचा हिस्सा 35 टक्के असावा असे उद्दिष्ट होते आणि ते गाठले गेले नाही. फरक एवढाच की करार करणाऱ्यांनी या अपयशाचीही तजवीज करून ठेवली होती. उद्दिष्ट हुकले तर कंपनीची जमीन विकत घेण्याचा हक्क शहराला राहील, असे कलम त्यात होते. जवळजवळ दोन दशकांनी शहराने ते कलम बजावले आणि रॅले रस्त्यावरचा एक भूखंड घेतला. तिथे आज कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी 93 घरांची बारा मजली इमारत उभी आहे. ट्रामचा थांबा तिथून चालत पाच मिनिटांवर आहे.