गेरूची भिंत, शेंदराचा रंग

सातपुड्यातल्या मोलगी परिसरातील जुन्या घरांची भिंत म्हणजे बांबूचा कूड आणि त्यावर माती-शेणाचा लेप. आता अक्कलकुवा तालुक्याच्या या डोंगराळ भागातही सिमेंटची घरे वाढत आहेत. त्या भिंतींना काय लावायचे, हे दुकानातल्या शेडकार्डवरून ठरते. तिकडे शहरांत मात्र गेरू, वीट, काव अशा मातकट गडद छटांची चलती आहे. खोलीला ऊब येते म्हणून एक तरी भिंत तशी रंगवली जाते.

हा रंग मुळात लोहाचा. गेरूतला तांबडेपणा हेमेटाइट या लोहखनिजाचा असतो. पिवळ्या मातीत पाणी धरून ठेवलेले लोहखनिज असते. ती भाजली की पाणी उडून जाते आणि माती लाल होते. लोह आधीच ऑक्सिजनशी जोडले गेलेले असल्याने उन्हाने हा रंग विटत नाही, चुन्याच्या तिखटपणानेही बिघडत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत मातीच्या लेपावर लाल-पिवळ्या गेरूने काढलेली चित्रे आजही पाहता येतात, ती उगीच नव्हे.

पण तांबडे दिसणारे सगळेच लोहाचे नसते. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. चकचकीत पिवळ्या, नारिंगी आणि लाल तैलरंगांत वर्षानुवर्षे शिशाचीच संयुगे वापरली गेली. भारतात घरगुती रंगांतील शिशावर नियम झाला तो २०१६ मध्ये. नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग ही मर्यादा लागू झाली. म्हणजे त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्यांचे गज, पाळणे आणि शाळांतली बाके अजून वापरात आहेत, आणि त्यांच्यावर शिशाचे थर असू शकतात.

नंदुरबारसारख्या, कुपोषणाने वर्षानुवर्षे गाजणाऱ्या जिल्ह्यात हा मुद्दा जास्त गंभीर आहे. रक्तात लोह कमी असलेल्या मुलांना माती, पोपडे, खडू खाण्याची ओढ लागते. त्याच मुलांचे आतडे शिसेही जास्त शोषते, कारण लोह आत नेणारी वाट शिशालाही चालते. एरवीसुद्धा लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषू शकते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि रक्तातले त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गेरूची भिंत चाटून मात्र लोह मिळत नाही. ते खनिज पोटात जवळजवळ विरघळतच नाही. मूल भिंत खरवडून खात असेल तर रागावण्याआधी त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

खरा धोका नव्या रंगापेक्षा जुना थर काढण्यात असतो. कोरड्या पॉलिशपेपरने घासले की शिशाची धूळ घरभर बसते. पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरने घासावे, त्या वेळी मुले आणि गरोदर बाई घरात नसावीत, खाली अंथरलेले प्लास्टिक धुळीसकट गुंडाळून टाकावे. नव्या डब्यावर शिशाचा उल्लेख पाहूनच पैसे द्यावेत. कोरडा गेरू कुटतानाही नाकाला फडके हवे. त्यात बारीक वाळू असते, आणि ती फुप्फुसाला चांगली नाही.

उजेडाचा हिशेबही बघायला हवा. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशातला बहुतेक भाग परत फेकते, गडद गेरू जेमतेम पाचवा हिस्सा. लहान खिडकीच्या खोलीत चारही भिंती तांबड्या केल्या तर भर दुपारी दिवा लावावा लागेल. एकच भिंत रंगवावी, तीही खिडकीच्या बाजूची. आणि मातीच्या भिंतीवर तैलरंग नकोच. ती पावसाळ्यात ओल घेते, उन्हाळ्यात सोडते. वर तैलरंगाची पापुद्री बसली की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा खोकला वाढतो. तिथे चुन्याच्या निवळीत कालवलेला, फडक्यातून गाळलेला गेरू पुरतो. हाताला थोडा लागतो, दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.