सूचीतला हिराइसेचा रकाना

सकळ लिपीतली पोथी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अक्षरे ओळखीची वाटली आणि शब्द मात्र एकही लागेना. महानुभाव पंथाच्या हस्तलिखितांचे वेड मला तेव्हापासूनचे. पोथ्यांइतक्याच त्यांच्या सूच्याही मी वाचत आलो.

ही सांकेतिक लिपी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास उलगडली, हे सर्वश्रुत आहे. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी महंतांचा विश्वास मिळवून ग्रंथांची नोंद केली आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ छापले. लंडनमध्ये मराठी शिकवणाऱ्या इयन रेसाइड यांनी १९६० साली महानुभाव ग्रंथांची मोठी सूची प्रसिद्ध केली. यवतमाळ ते लंडन एवढा या नोंदींचा प्रवास. पण या वाङ्मयाच्या सूचीत खरी कसोटी लागते ती ‘लीळाचरित्रा’पाशी.

नेहमीच्या नोंदवहीत रकाने ठरलेले: ग्रंथ, कर्ता, पत्रे, लिपी, लेखनशक. कर्त्याच्या रकान्यात म्हाइंभट लिहिले की नोंद पुरी झाल्यासारखी वाटते. ती पुरी होत नाही. म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जो ग्रंथ सिद्ध केला, त्याची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली. मग पंथातल्या लोकांनी स्मरणातून तो पुन्हा उभा केला. परंपरा सांगते, पंथातली हिराइसा एकपाठी होती. तिला लीळा, म्हणजे या आठवणी, मुखोद्गत होत्या. तिच्या स्मरणातून उतरला तो ‘हिराइसेचा पाठ’. रामेश्वरबासांचा पाठ वेगळा, पिढीपाठ वेगळा. लीळांचा क्रम बदलतो, शब्द बदलतात, एका पाठात असलेली लीळा दुसऱ्यात सापडत नाही.

म्हणून ‘लीळाचरित्र, एक प्रत’ एवढीच नोंद मला अपराधासारखी वाटते. मराठीचा आद्य गद्यग्रंथ आपण अभिमानाने मिरवतो, आणि तो ज्या बाईच्या कंठात तगला तिचे नाव सूचीत येत नाही! पाठाचा रकाना वेगळा हवाच. वि. भि. कोलत्यांसारख्या संपादकाला वर्षानुवर्षे प्रती ताडून पाहाव्या लागल्या, त्या याच गुंत्यामुळे.

पाठ ओळखायचा तर आतला मजकूर वाचावा लागतो, लीळा मोजाव्या लागतात. प्रत कोणाची, कुठल्या गावी, कोणत्या शकात उतरली, हे मात्र बहुधा शेवटच्या पानावर असते. आणि बाडातले नेमके तेच पान आधी झिजते, कारण कापडाचा घसारा त्यालाच लागतो.

चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या रिद्धपुरात, अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात, आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. मठामठांतल्या आणि घराघरांतल्या पोथ्यांची पाठनिहाय एकत्र सूची हे त्याचे पहिले काम असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इमारती नंतर झाल्या तरी चालतील.

अमरावती-अकोल्याकडच्या, विशेषतः पातूर-आलेगावच्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर जुने बाड असेल तर ते नदीत सोडू नका, फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधा, आणि सुटे झालेले शेवटचे पान त्याच बाडात ठेवा.