पाणी उकळलं, भाकरी राहिली

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोल्हापूरच्या घरात सगळ्यांत आधी तांब्याचा बंब पेटायचा. मधल्या नळ्यात करवंट्या आणि चिपाडं पडायची, खालच्या जाळीतून वारा शिरायचा आणि थोड्याच वेळात तोटीखालची बादली वाफाळू लागायची. विस्तव मधे, पाणी त्याच्या चारी अंगांनी. उष्णतेला पाण्याला भेटल्याशिवाय वाटच नाही. तांबटाच्या हातोडीखाली घडलेल्या या वस्तूत काही सुधारायचं उरलं असेल, असं मला कधी वाटलं नाही.

आजोळ गगनबावड्याकडे. तिथं मातीची उघडी चूल, शेजारी वैल, आणि आढ्यापर्यंत कोंदलेला धूर. आजीचे डोळे बारमाही लाल. ज्या मुलखात बंब घडतो, तिथं चुलीचा धूर कुणालाच का आवरला नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. सवड मिळेल तसा चुलींचा इतिहास वाचत गेलो. उत्तर सापडलं ते भाकरीत.

धूर आवरायचे प्रयत्न पुष्कळ झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या परिसरात, १९४०च्या दशकात धुराडं असलेली 'मगन चूल' तयार झाली. तिच्याविषयी बरंच लिहिलं गेलं आहे. मी रेंगाळलो तो डॉ. एस. पी. राजू या विस्मृतीत गेलेल्या माणसापाशी. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले हे इंजिनिअर. १९५३ साली त्यांनी 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका काढली. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे राजूंची प्रयोगशाळा आपल्या लाखो मायबहिणींच्या राज्यातली होती. इंजिनिअरने स्वयंपाकघरात वाकून बघावं, हे त्या काळी नवलच होतं. राजूंची चूल म्हणजे मातीचा एक बंदिस्त बोगदा. एका टोकाला जळणाचं तोंड, वर ओळीने भांड्यांची भोकं, शेवटी धुराडं. एकाच जाळावर दोन-तीन भांडी आणि धूर घराबाहेर. या चुलीने बाईला पाच मुक्ती मिळतील, असं त्यांचं वचन होतं: धुरापासून, काजळीपासून, उष्णतेपासून, नासाडीपासून आणि आगीच्या भयापासून.

या पाचांतल्या तिसऱ्या मुक्तीपाशी मी थबकलो. उष्णतेपासून मुक्ती! हैदराबादच्या वैशाखात हे वरदान खरं. गगनबावड्याला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. श्रावणात तिथं भिंतींना ओल येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. उघड्या चुलीतल्या उष्णतेचा दहातला जेमतेम एक हिस्सा भांड्यात जातो, बाकी नऊ हिस्से वाया, असं चूलशास्त्र सांगतं. ते नऊ हिस्से आजोळी कुठं जायचे, ते मी पाहिलं आहे. चुलीवरच्या माळ्यावर उद्याचं जळण त्यांनीच वाळायचं. बियाण्याची कणसं त्याच धुरात किडीपासून वाचायची. भिजलेलं घोंगडं तिथंच सुकायचं, म्हातारी माणसं तिथंच शेकत बसायची. त्या घराची ऊब म्हणजे चूलच होती. प्रयोगशाळेच्या हिशेबात नासाडीच्या रकान्यात पडलेली उष्णता आजीच्या हिशेबात जमेला होती.

तरी आजीचा खरा आक्षेप भाकरीचा होता. बंदिस्त चूल गावात कुणाकडे तरी आली तेव्हा ती बघून आली आणि म्हणाली, "जाळ नुसता पोटात असून भागत न्हाई लेका, तोंडाशी आर पायजे." या एका वाक्यात सगळं उष्णताशास्त्र आहे. भाकरीचे दोन टप्पे. पहिला तव्यावर: पाण्याचा हात फिरवलेली बाजू आधी वर, मग उलटून खाली. दुसरा टप्पा तव्याबाहेर: भाकरी चुलीच्या तोंडाशी आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांसमोर, उभी करायची. तिथं तिला तव्याचा स्पर्श नसतो, लागते ती समोरून येणारी निखाऱ्याची धग. आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. भट्टीत पाव भाजताना भिंतींची धग जे काम करते, तेच इथं आर करतो. म्हणजे आपली चूल ही शिजवायची शेगडी आणि भाजायची भट्टी, दोन्ही एकाच तोंडात.

बंदिस्त चुलीचं तोंड लहान ठेवावं लागतं, नाहीतर धुराड्याची ओढ मोडते. बायकांनी ते फोडून मोठं केलं. भाकरीसाठी, आणि लांब लाकूड सरकवण्यासाठीही. तोंड रुंदावलं आणि धूर पुन्हा घरात आला. बायकांना यंत्र कळत नाही, असा शेरा यावर मारला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्या कामासाठी चूल घेतली तेच काम तिच्यात होत नसेल, तर ती फोडणं हाच शहाणपणा.

पुढची सरकारी कथा थोडक्यात सांगतो. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२मध्ये तो गुंडाळेपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. चुलीची कार्यक्षमता मोजायची ती भांड्यातलं पाणी तापवून. पाणी तापलं, चूल पास झाली. भाकरी कुणी भाजून पाहिली नाही. पुढे रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात चार वर्षं पाहणी केली. धुराड्याच्या चुलींनी पहिल्या वर्षी धूर कमी केला, पण दुरुस्ती आणि वापर सुटत गेला आणि फायदा विरून गेला. याउलट १९८०च्या सुमारास हरियाणातल्या नाडा गावात मधू सरीन या वास्तुरचनाकार बाईंनी गावच्या बायकांनाच बरोबर घेऊन चूल घडवली आणि त्यांच्यातूनच चूल बांधणाऱ्या कारागीर तयार केल्या. मला हीच वाट बरोबर वाटते.

आपल्याकडे या वाटेने गेली ती १९९६ साली पुण्यात निघालेली 'आरती' ही संस्था. महर्षी कर्व्यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे तिचे संस्थापक. चुलीची मापं हातांगणिक बदलू नयेत म्हणून संस्थेने साचे केले. पण कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावं ते तिचं दुसरं काम. ऊस तोडल्यावर एकरी चारेक टन पाचट शेतात उरतं आणि आपण ते पेटवून देतो. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांच्या पुढाकाराने या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत बसवली गेली. २००२ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये अशा सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचं वरण, भात, भाजी वाफेवर शिजतं. फक्त भाकरी तेवढी राहतेच.

म्हणून माझं मत सांगतो. धुराचं कौतुक नको. हमरस्त्यावर 'चुलीवरचं मटण'च्या पाट्या वाचून जीभ चाळवते, पण त्या चुलीपुढे बसलेल्या बाईची छाती कुणी तपासत नाही. रोजचा चहा आणि डाळ-भात गॅसवर व्हावा. ज्याला भाकरीसाठी आणि उबेसाठी चूल हवीच आहे, त्याने ती पडवीत किंवा धुराड्याखाली बांधावी. तोंड भाकरी उभी राहील एवढं रुंद ठेवावं, आणि धुराडं त्या तोंडाला पुरेल एवढं मोठं व उंच काढावं. काजळी काढायला हात जाईल अशी जागा सोडावी, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात धूर परत घरात येईल. जळण पावसाआधी वाळवावं. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःचंच पाणी उडवण्यात जाते. पेटवायला चिपाड चांगलं, पण त्याचा आर टिकत नाही. भाकरीला बाभळीचं लाकूड लागतं. मंद, लांबणीच्या आचेला शेणी.

आणि एक कळकळीची विनंती. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको. धूर दिसत नाही म्हणून विष नाही असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

यापुढे कुणी नवी चूल घेऊन गावात आलं, तर पाण्याचं पातेलं बाजूला ठेवा आणि घरातल्या बाईला तिच्यावर भाकरी भाजायला सांगा. ती हो म्हणाली तरच चूल घ्या.